गळ्यात बांधलेला हात

आमच्या सदलग्यात कुणाचा हात मोडला की तिसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीला त्याची झोळी पाठ होते. कुणाची जुन्या लुगड्याच्या पट्टीची, कुणाची औषधाच्या दुकानातली निळी. माणूस हात छातीशी धरून कट्ट्यावर बसतो आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण थांबून एकच गोष्ट सांगतो, "हलवू नका हं, अजिबात हलवू नका." मराठीत सांगतात, कानडीत सांगतात. सांगणारा प्रेमानंच सांगतो, म्हणून ऐकणारा ऐकतो.

मीही ऐकलं होतं. त्याची गोष्ट आज सांगणार आहे. तिला जोडून दुसरी एक आहे, ती सांगायला मला दोन वर्षांहून जास्त वेळ लागला.

२०२३ साली अधिक श्रावण आला होता, म्हणून नागपंचमी उशिरा, २१ ऑगस्टला पडली. पाऊस म्हणाल तर त्या ऑगस्टमध्ये आभाळ कोरडंच होतं. तरी मी घसरले. धुण्याच्या दगडाजवळ साबणाचं पाणी मुरून शेवाळ धरलं होतं, त्याच्यावर पाय गेला आणि सगळा भार उजव्या तळहातावर आला. सणाच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ. सकाळीच बळेगाराकडून नवा हिरवा चुडा भरून आले होते. चार बांगड्या पडतानाच फुटल्या. बाकीच्या राहिल्या आणि पुढच्या अर्ध्या तासात मनगट असं सुजलं की त्या कातडीत रुतायला लागल्या. आमच्याकडे सणासुदीला बांगडी उतरवायची म्हणजे जिवावर येतं. घरात चर्चा सुरू झाली, उतरवाव्यात की नाही, की नुसत्या वर सरकवाव्यात. शेवटी धाकट्या जाऊबाईंनी कुणाला न विचारता साबण लावला आणि एकेक काढून देव्हाऱ्यासमोर ठेवली. अंगठी मात्र निघाली नाही. ती इस्पितळात कापावी लागली.

हे आधी सांगते, कारण पुढचं सगळं डॉक्टरांच्या हातात असतं आणि हे एवढंच आपल्या हातात असतं. हाताला मार लागला की पहिल्या पाच मिनिटांत अंगठी, बांगड्या, कडं, घड्याळ, मनगटाला बांधलेला गंडादोरा, सगळं उतरवायचं. सूज यायच्या आत. चुडा पुन्हा भरता येतो.

कोल्हापूर आम्हांला जवळ, म्हणून तिकडे नेलं. मनगटाजवळचं हाड मोडून सरकलं होतं. दोन दिवसांनी पट्टी आणि स्क्रू घालून बसवलं. पूर्ण भूल दिली नाही, काखेजवळ इंजेक्शन देऊन नुसता हातच झोपवला. शुद्धीत होते, समोर पडदा होता, पडद्यापलीकडे माझ्या हातावर चार माणसं काम करत होती आणि मला काहीच कळत नव्हतं. पहाटेपर्यंत तो हात माझा वाटेना. कुणाचा तरी ओंडका माझ्या अंगावर आणून ठेवलाय असं वाटत होतं. एकदा कुशीवर वळताना तोच हात माझ्या तोंडावर आपटला. अशा बधिर हाताला गरम चहाचा पेला लागला तरी कळत नाही, म्हणून तो जपायचा. आणि दुखण्याची गोळी हात जागा व्हायच्या आधीच घ्यायची असते. मी "दुखत नाही तर गोळी कशाला" म्हणून ठेवून दिली. पहाटे चार वाजता हात जागा झाला तेव्हा मलाही सगळे देव आठवले.

घरी सोडताना तिथल्या सिस्टरनं स्वच्छ मराठीत सांगितलं होतं, "मावशी, हात उंच ठेवायचा आणि बोटं हलवत राहायची. तासातासाला." मी मान डोलावली. गाडीत बसेपर्यंत विसरले.

घरी आल्यावर माझं कौतुक सुरू झालं. चाळीस वर्षं या घरात भाकरी थापली, पण माझ्या तोंडात कुणी घास घातला नव्हता. आता सूनबाई भरवत होती, नात वेणी घालत होती, ह्यांनी स्वतः उठून पाणी दिलं. खोटं कशाला बोलू, बरं वाटत होतं. हात झोळीत, झोळी गळ्यात, पंजा पोटावर लोंबलेला. हलवलं की दुखायचं, दुखलं की मी थांबायची, आणि बघायला आलेली बाई म्हणायची, "राहू दे, राहू दे, हाड जुळतंय." आठव्या दिवशी बोटं भरताच्या वांग्यासारखी झाली होती. टाके बघायला गेले तेव्हा तिथल्या फिजिओथेरपीच्या मुलीनं विचारलं, "मूठ दाखवा." मला वळताच येईना. आठ दिवसांत पाच बोटं मूठ विसरली होती. हाड मोडलं होतं मनगटाचं. बोटांना काही झालंच नव्हतं.

त्या मुलीनं मला जे समजावलं ते मी तेव्हापासून शेकडो जणांना सांगितलंय. बोटांत स्वतःचे स्नायू नाहीतच. ओढणारे स्नायू वर, कोपराखालच्या भागात असतात आणि त्यांच्या दोऱ्या मनगटातून, तळव्यातून बोटांच्या टोकापर्यंत गेलेल्या असतात. कळसूत्री बाहुलीसारखं. एका हातात २७ हाडं आणि त्यांच्यामधून या दोऱ्या सरकत राहतात. सूज म्हणजे नुसतं पाणी नाही, तो चिकट द्राव असतो. हात खाली लोंबत राहिला की तो बोटांत उतरतो, आणि बोट हललं नाही की तो सांध्याभोवती आणि दोऱ्यांभोवती गोंदासारखा धरतो. पहिल्या आठवड्यात तो हलवून निघतो. दोन महिन्यांनी निघत नाही, मग रडत बसावं लागतं.

म्हणून हात उंच. उंच म्हणजे काळजाच्या वर. पंजा कोपराच्या वर, कोपर छातीच्या बरोबरीनं. झोपताना शेजारी दोन उशा रचून त्यांच्यावर हात. झोळी बाहेर जाताना, गर्दीत धक्का लागू नये म्हणून. घरात बसल्यावर काढून ठेवायची. नाहीतर मनगट बरं होतं आणि खांदा धरतो. आमच्या गल्लीत दोघींचे खांदे असे धरलेत, हाताचं दुखणं कधीच संपलं पण केस विंचरायला हात वर जात नाही. प्लास्टर तळहाताच्या घडीच्या अलीकडेच संपलं पाहिजे, म्हणजे बोटं मुळापासून वाकतात. पुढे आलं असेल तर सांगायचं, "साहेब, थोडं कापून द्या." लाजायचं नाही.

मग मी लागले मागे. तासातासाला, मोबाइलवर गजर लावून. आधी बोटं नमस्काराला जोडतो तशी सरळ. मग आकड्यासारखी नुसती पुढची पेरं वाकवायची. मग पूर्ण मूठ. मग बोटं मुळात वाकवून पुढं सरळ, टेबलासारखी. प्रत्येक वेळी दहादा. डोळ्यांत पाणी यायचं. पहिल्या दिवशी मूठ आणि तळवा यांच्यात लिंबू बसेल एवढी जागा राहिली होती. काही जण स्पंजचा चेंडू आणून देतात दाबायला. माझ्या नातवानं आणला होता. तो नंतर, जोर आणायच्या वेळी. सुजलेल्या हातानं चेंडू दाबत बसलं तर मूठ चेंडूएवढीच वळते, पुढे जात नाही, आणि सूज वाढते ती वेगळी. चौदाव्या दिवशी टाके निघाले. सहा आठवड्यांनी चहाचा कप धरला, पाण्यानं भरलेली कळशी मात्र तीन महिने नाही. दिवाळीनंतर एका सकाळी जोंधळ्याची भाकरी थापली. अर्धी इकडं, अर्धी तिकडं, नकाशासारखी. ह्यांनी मुकाट्यानं खाल्ली.

इथपर्यंत लिहून थांबले असते तर हा लेख छान झाला असता. मी तोंडानं अडीच महिने तेवढाच सांगत फिरत होते. देवळात, बसस्टॉपवर, बचत गटाच्या बैठकीत. "हलवा. हलवलं तर हात राहतो." मी शाळेत शिकवलेली बाई. एकदा पटलं की दुसऱ्याला पटवल्याशिवाय मला चैन पडत नाही.

जानेवारी २०२४. ऊसतोड जोरात होती. धाकट्या जाऊबाईंचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, शेतावर कोयत्याला धार लावत बसला होता. कोयता दगडावरून निसटला आणि खाली पडता पडता त्यानं तो डाव्या हातानं पकडला. पडणारी वस्तू पकडायला हात आपोआप जातो, पुढे पातं आहे हे मागून कळतं. मधल्या बोटाच्या मुळाशी आडवा घाव. रक्त फार नव्हतं. पण बोट वाकेना. बाकीची तीन बोटं आपसूक अर्धी मिटलेली आणि मधलं एकटं सरळ उभं.

त्याला बेळगावला नेलं. आता इथे एक भाषेचा घोळ सांगते, कारण त्यानं फार नुकसान होतं. आपण म्हणतो "शीर तुटली". कानडीत म्हणतात "नर कट्टागेद". रक्ताची नळी तुटली तरी शीर, बोट वाकवणारी दोरी तुटली तरी शीर, आणि स्पर्श कळवणारी तार, ज्याला डॉक्टर नर्व्ह म्हणतात, ती तुटली तरी शीरच. तीन निराळ्या गोष्टींना एक शब्द. तिन्हींची दुरुस्ती निराळी, तिन्हींचं पथ्यही निराळं. पुतण्याच्या बोटाला वाकवणाऱ्या दोन्ही दोऱ्या तुटल्या होत्या आणि एका बाजूची स्पर्शाची तारही. तिन्ही शिवल्या. "शिरा शिवल्या" एवढंच घरी कळलं. माझ्या हाताला हाड होतं, याच्या हाताला दोरी, हा फरक कुणाच्या डोक्यात शिरला नाही. माझ्या तर नाहीच.

बोटाच्या मुळाशी, जिथे त्याला घाव बसला होता, त्या टापूला हाताच्या शस्त्रक्रियेत एक नाव आहे, 'नो मॅन्स लँड'. कुणाचीच नसलेली जमीन. स्टर्लिंग बनेल या अमेरिकन सर्जननं ते दिलं. सीमाभागातल्या माणसाला ते समजावून सांगायला नको. तिथे दोन्ही दोऱ्या एकाच अरुंद नळीतून जातात. शिवल्या की सूज येते, सूज आली की दोऱ्या एकमेकींना आणि नळीला चिकटतात, आणि बोट काठीसारखं होतं. म्हणून बनेल यांच्या काळात तिथे लगेच शिवूच नये असं म्हणत. जखम भरू द्यायची आणि नंतर दुसरीकडची दोरी आणून घालायची. १९६७ साली लुईव्हिल गावच्या हॅरॉल्ड क्लाइनर्ट यांनी भर परिषदेत सांगितलं की आम्ही तिथे लगेच शिवतो आणि बोटं वाकतात. युक्ती काय होती? एक रबर. बोटाच्या नखाला धागा अडकवून रबर मनगटाच्या पट्टीला बांधायचं. माणसानं स्वतः बोट फक्त उघडायचं, मिटायचं काम रबर करतं. म्हणजे दोरी नळीत सरकते, चिकटत नाही, पण शिवलेल्या टाक्यावर ओढ पडत नाही. आता पद्धती बदलल्या, टाके मजबूत झाले, काही ठिकाणी देखरेखीखाली थोडं स्वतः वाकवायलाही देतात. पण मूळ गोष्ट तीच. हलवायचं आहे, पण टाक्यावर ओढ न पडता.

पुतण्याला रबर नव्हतं. त्याच्या हाताच्या मागच्या बाजूनं पट्टी होती, बोटं पुढे झुकलेली, आणि सांगितलं होतं की दुसऱ्या हातानं बोट मिटवायचं, मग पट्टीपर्यंत आपलं आपण उघडायचं. मिटताना जोर लावायचा नाही. पट्टी सोडायची नाही, अंघोळीलासुद्धा नाही. हे सगळं कानडीत सांगितलं होतं, जाऊबाईंना. त्या गोकाककडच्या, बेळगावच्या इस्पितळात त्यांना एक शब्द अडला नाही. त्यांनी नीट ऐकलं होतं आणि तसंच करून घेत होत्या. माझ्यासारखी मान डोलावून विसरणारी बाई ती नव्हे.

संक्रांत १५ जानेवारीला होती. ऑपरेशन होऊन बारावा दिवस. तिळगूळ घेऊन मी त्यांच्याकडे गेले. पोरगा कॉटवर, हात उशीवर उंच. बघून बरं वाटलं. म्हटलं, मूठ दाखव. तो म्हणाला, "दोड्डव्वा, वळायची नाही अजून." मी माझं पुराण सुरू केलं. आठ दिवसांत माझी बोटं कशी लाकडं झाली, मी कशी सोडवली, तूही आत्ताच हलवलं नाहीस तर जन्माचा राहशील. जाऊबाई आतून आल्या आणि म्हणाल्या, "अक्का, तान मडचबारदंत हेळ्यार." आपलं आपण मिटायचं नाही असं सांगितलंय. हे वाक्य मी ऐकलं. मला ते पूर्ण समजलं. आणि मी म्हटलं, "अगं, मलाही आधी सगळे तेच म्हणत होते."

तिळाचा लाडू मीच त्याच्या डाव्या तळव्यावर ठेवला. म्हटलं, आवळ.

दुखलं नाही त्याला. तो नंतर म्हणाला, आत काहीतरी 'टक्' झालं, गवताची काडी मोडल्यासारखं. लाडू हातात राहिला कारण बाकीच्या बोटांनी धरला होता. मधलं बोट सरळ झालं होतं.

पुढचे दोन दिवस मी काय केलं ते मला आठवत नाही. बेळगावला पुन्हा नेलं, पुन्हा उघडलं, पुन्हा शिवलं. लगेच नेलं म्हणून शिवता आलं, उशीर झाला असता तर दोरीची टोकं आखडून वर गेली असती. मला तिथे कुणी रागावलं नाही. मी स्वतःच थेरपीच्या बाईंना सांगितलं की ते मी करायला लावलं. त्यांनी जे सांगितलं ते साधं होतं. शिवलेली दोरी पहिल्या दोन-तीन आठवड्यांत मजबूत होत नाही, उलट टाक्याजवळ मऊ पडते. नेमक्या त्याच दिवसांत हात दुखायचा थांबलेला असतो, वरची जखम भरलेली असते, आणि माणसाला वाटतं की झालं आता. पाण्याचा तांब्या उचलला, कुत्र्याची साखळी ओढली, झोपेत पट्टी सोडून चादर खेचली, एवढ्यानं तुटते. तुमच्या हाताला पट्टी-स्क्रू होते, ते पहिल्या दिवसापासून हाड धरून ठेवतात, म्हणून तुम्हांला बोटं हलवायला सांगितली. त्याच्या हातात फक्त धागा होता.

तेव्हा वाचकहो, मी आता "हलवा" असंही सांगत नाही आणि "हलवू नका" असंही सांगत नाही. कुणी विचारलं तर मी उलट विचारते: काय तुटलं होतं? हाड, दोरी, की स्पर्शाची तार? आणि कुठला सांधा, कुणाच्या जोरानं, किती वेळा, कधीपासून हलवायचा ते लिहून आणलंय का? बहुतेकांनी आणलेलं नसतं. घरी सोडताना मिळतो तो कागद इंग्रजीत असतो आणि एक्स-रेच्या मोठ्या पाकिटात टीव्हीच्या मागे जातो. पुतण्याच्या कागदावर सगळं लिहिलेलं होतं. मी तो मागितलाच नव्हता. मी, जिला इंग्रजी येतं.

आता आमच्या दोन्ही घरांत असा नियम आहे की इस्पितळातून निघायच्या आधी तिथल्याच माणसाकडून तोंडी ऐकायचं, आपल्या भाषेत परत बोलून दाखवायचं, आणि घरच्या कुणीतरी एकानं मोबाइलवर ते व्यायाम करून दाखवताना चित्रित करून घ्यायचं. कागद भिंतीवर. मराठीत आणि कानडीत. म्हणजे संक्रांतीला येणाऱ्या दोड्डव्वालाही वाचता येईल. उपचाराचं सरकारी कार्ड कुठल्या राज्यातल्या कुठल्या इस्पितळात चालतं तेही गाडी काढायच्या आधी विचारावं. कोल्हापूर जवळ की बेळगाव आपलं, हा प्रश्न आपल्याला प्रत्येक दुखण्यात पडतो. पण थेरपीला पुढचे दोन-तीन महिने आठवड्याला खेपा असतात. त्या जमतील असं गाव निवडलेलं बरं.

काही गोष्टी मात्र सगळ्या हातांना सारख्या. प्लास्टर किंवा पट्टी बांधल्यावर दुखणं गोळी घेऊनही वाढतच चाललं, दुसऱ्यानं बोट हळूच सरळ केलं तरी किंचाळावंसं वाटलं, बोटं पांढरी-निळी पडली, मुंग्या येऊन बधिर झाली, तर सकाळची वाट बघायची नाही. आत दाब वाढून स्नायू मरतात आणि ते काही तासांचं काम असतं. हाडवैद्यानं आवळून बांधलेल्या कामट्यांच्या खालीही हेच होतं. लहान मुलांच्या कोपराला मार लागला तर तेल लावून रगडायचं नाही, स्नायूत हाड धरतं आणि कोपर कायमचं अडकतं. काही आठवडे उलटून गेले तरी हात चकाकतोय, घाम सुटतोय, पदर घासला तरी सहन होत नाही, तर ते अंगावर काढू नये.

आणि तंबाखू. निपाणीच्या पट्ट्यात बसून हे लिहायचं म्हणजे मला शिव्या बसणार. पण बोटाच्या रक्तवाहिन्या मुळातच सुतासारख्या असतात आणि निकोटिननं त्या आणखी आकसतात. जखम भरायला लागणारं रक्तच पोचत नाही. विडी, सिगारेट, तोंडातली चिमूट, सगळं एकच. ऑपरेशननंतरचे निदान सहा आठवडे तरी नको. पुतण्यानं पहिल्या खेपेला सोडली नव्हती, दुसऱ्या खेपेला सोडली. अजून तरी सोडलेलीच आहे.

जाता जाता एक, कारण कडबाकुट्टीचे दिवस कायमचेच. बोट तुटून वेगळंच झालं तर ते मातीत, दुधात किंवा थेट बर्फात टाकू नका. स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळायचं, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधायचं, आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात. १९६५ साली जपानमध्ये कोमात्सु आणि तामाई या दोघांनी तुटलेला अंगठा पहिल्यांदा जोडला. आपल्या देशातही आता बोटं जोडतात. सगळीच जोडता येत नाहीत, पण ते ठरवायला तुकडा शाबूत लागतो. थंड ठेवला तर वेळ मिळतो.

पुतण्याची स्पर्शाची तार रोज साधारण एक मिलिमीटर वाढते असं सांगितलं होतं. तेवढ्यात त्याचं बोट दोनदा भाजलं, एकदा चुलीजवळ आणि एकदा चहाच्या स्टीलच्या पेल्यानं, आणि दोन्ही वेळा त्याला फोड आल्यावर कळलं. सहा-सात महिन्यांनी टोकाला मुंग्या यायला लागल्या. तो घाबरला, जाऊबाईंना मात्र माहीत होतं की ही मुंगी चांगली. थेरपीच्या बाई बोट मिटायला लावून टोक आणि तळवा यांच्यातलं अंतर पट्टीनं मोजायच्या. घरी पट्टी सापडत नसे, म्हणून जाऊबाईंनी काड्यापेटी धरली. दुसऱ्या ऑपरेशननंतर चौथ्या महिन्यात बोट आणि तळव्यात काड्यापेटी उभी बसायची. दिवाळीत आडवी बसायला लागली.

या घरात तो विषय कुणी काढत नाही. जाऊबाई मला अजून अक्काच म्हणतात, पापड लाटायला बोलावतात, आणि मी गेले की एखादं काम माझ्या हातात देतात, पूर्वीसारखं. गेल्या संक्रांतीला मी तिळगूळ वाटीत घालून नेला. पुतण्यानं डाव्या हातानं वाटी घेतली आणि मधल्या बोटाखाली काड्यापेटी सरकवून दाखवली. आता ती चपटीच बसते, आणि तीही ढकलावी लागते.